शनिवारचं अस्वल

समजा, तुम्हाला अस्वल व्हायचंय. खरंखुरं नाही, नोकरीपुरतं.

आधी पायजम्यासारखे दोन केसाळ पाय चढवा. कमरेशी नाडी आहे, तिची गाठ पक्की मारा, कारण पाहुण्यांसमोर अस्वलाची नाडी सुटली तर ती गोष्ट स्वयंपाकघरात वर्षभर पुरते. मग वरचा अंगरखा. त्याची चेन पाठीवर आहे, म्हणजे ती लावायला दुसरं माणूस लागतं. ते माणूस तुमची बायको असेल, तर चेन वर जाईपर्यंत घरातल्या गळक्या नळाबद्दल ऐकून घ्यावं लागतं. मग पंजे. पंजे चढले की नाक खाजवता येत नाही, तेव्हा नाक आधीच खाजवून घ्या. शेवटी डोकं. डोळ्यांच्या जागी काचेचे गोळे आहेत, त्यांतून काही दिसत नाही. दिसतं ते जबड्यातल्या जाळीतून. म्हणजे समोरचं बघायचं असेल तर हनुवटी उचलून चालायचं आणि पायाखालचं नशिबावर सोडायचं.

आता हिरवळीवर जा. तिथे पंचवीसतीस माणसं नाश्ता करून, सुस्तावून उभी आहेत. त्यांना घाबरवा. पण इतकं घाबरवू नका की ती पळत सुटतील, कारण अस्वल दिसल्यावर पळायचं नाही हेच तर तुम्हाला त्यांना शिकवायचंय.

माझे मामा दर शनिवारी हे काम करतात. उरलेले दिवस ते त्याच रिसॉर्टमध्ये प्लंबर असतात.

मामा म्हणजे बुटके, रुंद, आणि गुडघ्यांनी कुरकुरणारे. आयुष्यभर बेसिनखाली उकिडवं बसून त्यांचे गुडघे बाहेरच्या बाजूला वळलेत, त्यामुळे ते चालतात तेव्हा आधी डावीकडे कलतात, मग उजवीकडे, आणि मग जरा पुढे जातात. आवाज खालच्या पट्टीतला. घरी त्यांचं वाक्य पूर्ण झालेलं मी लहानपणी क्वचितच ऐकलं. ते म्हणायचे, “मला वाटतं की आपण...” आणि मामी उरलेलं वाक्य स्वतः पूर्ण करून त्याला नकारही देऊन मोकळ्या व्हायच्या. मामी रिसॉर्टच्या धुलाईघरात शिवणकाम बघतात. चादरींना दोरा घालता घालता त्या एकाच वेळी तिघांशी बोलू शकतात आणि तिघांनाही गप्प बसवू शकतात.

रिसॉर्ट जंगलाला खेटून आहे. लाकडी कॉटेजेस, मधे मोठी हिरवळ, हिरवळीच्या एका अंगाला धुलाईघर, समोरच्या अंगाला भोजनगृह आणि त्याच्या कडेला स्वयंपाकघराचे कचऱ्याचे पिंप. जंगलात अस्वलं आहेत, आणि अस्वलांना सुट्टी कुणाची चालू आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

पाहुण्यांना सावध करण्याचे सगळे उपाय आधी करून झाले होते. जागोजागी पाट्या लावल्या: अस्वलांचा वावर आहे, खाण्याचे पदार्थ बाहेर ठेवू नका. पाट्या चांगल्या भक्कम होत्या, त्यामुळे पाहुणे त्यांवर ओले टॉवेल वाळत घालत. मग प्रत्येक खोलीत सूचनापत्रक ठेवलं. ते नेमकं इतक्या जाडीचं निघालं की डगमगत्या टेबलाच्या पायाखाली बरोबर बसायचं. मग भोंगा बसवला. भोंगा वाजला की सगळे आत येतील अशी अपेक्षा होती, आणि खरंच सगळे आत यायचे, पण ताटं घेऊन. जेवणाची वेळ अलीकडे आली असं त्यांना वाटायचं. शेवटी एका पाहुण्या बाईंनी गाडीची काच खाली करून अस्वलाला बिस्किट दिलं. अस्वलाने बिस्किट खाल्लं, पुडा खाल्ला, आणि बाई दुसऱ्या दाराने उतरल्यावर पुढची सीट खाल्ली. बाईंना खरचटलंसुद्धा नाही. पण त्या तक्रार करायला आल्या तेव्हा म्हणाल्या की पाटीवर “बिस्किट” असं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर मॅनेजरबाईंनी ठरवलं की आता वाचून नाही, करून शिकवायचं. दर शनिवारी अस्वलाचा सराव. बंद पडलेल्या एका बालनाट्य मंडळीकडून अस्वलाचा पोशाख मिळाला. तो आला तेव्हा अस्वलाच्या अंगात लाल जाकीट होतं आणि चेहऱ्यावर हसू होतं. मामींनी जाकीट उसवलं. हसू मात्र पक्कं शिवलेलं होतं, ते त्यांनी ओढून ताणून सरळ केलं. तेव्हापासून त्या अस्वलाचा चेहरा जावयाच्या घरी मुक्कामाला आलेल्या माणसासारखा दिसतो. राग नाही, पण मोकळेपणाही नाही.

पोशाखात घालायला माणूस मिळेना. माळी उंच होता, पण केसांनी त्याला शिंका यायच्या, आणि शिंकणाऱ्या अस्वलाला लोक “जपा हो” म्हणतात. स्वयंपाक्याला आत गेल्या गेल्या हसू फुटायचं. मॅनेजरबाई कंटाळून आपल्या खोलीत गेल्या, तर तिथल्या बेसिनखालून मामा पाठमोरे, रांगत, पाना तोंडात धरून, गुरगुरत बाहेर येत होते. वॉशर हरवला होता. मॅनेजरबाई म्हणाल्या, “मामा, तसेच थांबा.”

मामा त्या कामात असे रुळले की बघत राहावं. हिरवळीवर ते नुसते डावी-उजवीकडे कलत आले तरी तीस माणसं चिडीचूप व्हायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांना मधे तोडत नव्हतं. सरावाचे नियम सोपे होते. एकत्र राहायचं. पाठ दाखवायची नाही. पळायचं नाही. खालच्या आवाजात सावकाश बोलत राहायचं, म्हणजे आपण माणूस आहोत हे त्याला कळतं. आणि एकेक पाऊल मागे सरकायचं. मामांचं काम फक्त पुढे येणं, हुंगणं, आणि जमलं तर दोन पायांवर उभं राहणं. ते एरवीही दोन पायांवरच असायचे, पण ओणव्याने येऊन मग सरळ झाले की परिणाम वेगळा व्हायचा.

त्यात एक गोष्ट मामांनी स्वतःची घातली. पाहुण्यांनी सगळं बरोबर केलं तर त्यांना शाबासकी कशी द्यायची? अस्वलाने बोलायचं नाही हा नियम होता, आणि त्या डोक्यातून आवाज असाही बाहेर येत नव्हता. म्हणून मामा थांबायचे, समोरच्यांकडे नीट बघायचे, आणि एकदाच, सावकाश, मान खाली-वर डोलवायचे. मग वळून निघून जायचे. लोकांना ते इतकं आवडलं की ती मान डोलावल्याशिवाय कुणी हिरवळीवरून हलेना. दोनदा-तीनदा आलेले पाहुणे नव्यांना सांगायचे, त्यानं मान डोलावली की समजा पास.

असं सगळं छान चाललं होतं, आणि मग मालकांच्या डोक्यात आलं की हा सगळा पोरखेळ आहे. त्याऐवजी प्रत्येक खोलीतल्या टीव्हीवर सुरक्षेची एक फिल्म दाखवावी. पण मॅनेजरबाई सरावाच्या बाजूने भांडल्या, तेव्हा असं ठरलं की वन्यप्राण्यांचं कळणाऱ्या एक तपासनीसबाई येतील, एका शनिवारी सराव बघतील, आणि त्या म्हणतील तसं होईल. त्यांनी “बंद” म्हटलं की बंद.

मामांचं जेवण कमी झालं. फिल्ममध्ये खरं अस्वल असणार हे कळल्यावर तर ते फारच दुखावले. धुलाईघरात बसून ते मामींना म्हणाले, “खरं अस्वल काय शिकवणार? त्याला काय माहीत माणसं कुठे चुकतात ते?”

मामी उठल्या आणि कामाला लागल्या. खोल्यांमधून उरलेल्या शाम्पूच्या चिमुकल्या बाटल्या त्यांनी वर्षभर कशासाठी साठवल्या होत्या ते त्यांनाही माहीत नव्हतं, आता कळलं. अख्खं अस्वल त्यांनी चादरींच्या मोठ्या मशीनमध्ये घातलं, त्यावर तो गुलाबी शाम्पू ओतला, मग कंडिशनर, मग ड्रायरने सुकवून ब्रशने विंचरलं. खांद्यांत उशीचा कापूस भरून खांदे रुंद केले. जिथे टक्कल पडलं होतं तिथे जुन्या गालिचाचे केस शिवले. झाल्यावर ते अस्वल असं चमकत होतं की माळी दारातून बघून परत गेला. घरी मामा जेवणाच्या टेबलाभोवती चालीचा सराव करायचे, आणि मामी शिवणातून वर न बघता म्हणायच्या, “अहो, तिकडून वळाल तेव्हा नळाकडेही एक नजर टाका. तोही तुमची वाट बघतोय.”

शनिवार उजाडला. तपासनीसबाई शांत होत्या. पायात मजबूत बूट, हातात काही नाही. नाश्ता पोटभर केला आणि मग कुणी न सांगता भोजनगृहाच्या पडवीत जाऊन उभ्या राहिल्या, जिथून हिरवळही दिसते आणि कडेचे पिंपही. पाहुणे मधे गोळा झाले. त्यांत मोठ्या गवती टोपीच्या एक आजी होत्या. त्या दरवर्षी यायच्या आणि सरावात स्वतःला सीनियर समजायच्या. सोबत त्यांचे जावई, जे पहिल्यांदाच आले होते आणि सासूबाईंपुढे कशालाच घाबरायचं नाही असं ठरवून आले होते.

तिकडे धुलाईघरात अंगरख्याची चेन मामांच्या बनियनमध्ये अडकली होती. वरही जाईना, खालीही येईना. मामा म्हणत होते की मला वाटतं आपण बनियन... आणि मामी म्हणत होत्या की गप्प उभे राहा, हलू नका, श्वास घेऊ नका. तेवढ्यात फोन वाजला. मॅनेजरबाई विचारत होत्या की मामा कुठे आहेत. मामींनी तोंडात दोरा धरून सांगितलं, “निघाले.”

आणि बरोबर त्याच वेळी स्वयंपाकघरामागून एक अस्वल बाहेर आलं.

हे खरं होतं. पण ते खरं वाटत नव्हतं, हीच अडचण झाली. त्याचे केस झडण्याचे दिवस होते. पाठीवर ठिकठिकाणी टक्कल, बाकीच्या केसांचे पुंजके गादीतल्या कापसासारखे लोंबत होते, आणि एक कान दुमडलेला होता. ते भेदरवणारं काहीही न करता पिंपाशी गेलं, झाकण पाडलं, आतून जॅमचा मोठा डबा काढला, आणि भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून, डबा मांडीत घेऊन बसलं.

पाहुण्यांनी त्याच्याकडे बघितलं. थोडं वाईट वाटल्यासारखं झालं.

आजी म्हणाल्या, “मागच्या वर्षी बरं होतं हो. यंदा अगदीच लक्ष दिलेलं नाही.”

जावई बारकाईने बघत होते. ते म्हणाले, “पाठीची शिवण उसवलीय. आतलं अस्तर दिसतंय बघा.”

मॅनेजरबाईंनी वळून बघितलं आणि त्यांचा पारा चढला. आजच्या दिवशी, तपासनीसबाई समोर असताना, मामांना डब्यात तोंड घालायची काय गरज होती? त्या पुढे होऊन मामांना दोन शब्द सुनावणारच होत्या, आणि सुनावले असते तर ही गोष्ट इतकी हसत सांगता आली नसती. पण तेवढ्यात धुलाईघराचं दार उघडलं.

मामा बाहेर आले.

सकाळचं ऊन त्यांच्या अंगावर पडलं आणि सगळं अंग लकाकलं. रुंद खांदे, दाट केस. चेन शेवटी बनियन फाडूनच वर गेली होती, त्यामुळे मामा घुश्शात होते आणि तो घुस्सा चालीत उतरला होता. ते डावीकडे कलले. उजवीकडे कलले. हनुवटी उचलून त्यांनी हवा हुंगली.

आजींनी टोपी घट्ट धरली आणि पुटपुटल्या, “अगं बाई. हे खरं आहे.”

मग त्या तीस माणसांनी जे केलं ते आजवर कुठल्याही शनिवारी इतकं सुंदर झालं नव्हतं. कुणी पळालं नाही. कुणी पाठ दाखवली नाही. सगळे खांद्याला खांदा लावून एक झाले आणि खालच्या आवाजात एकसुरात बोलायला लागले: आम्ही जातोय बरं का, तू तुझं कर, आम्ही जातोय. आणि एकेक पाऊल मागे सरकू लागले. मागे म्हणजे पिंपांकडे. तिथे बसलेला तो फाटक्या पोशाखातला माणूस रिसॉर्टचा होता, त्याला खऱ्या अस्वलाचं काय करायचं ते ठाऊक असणार, असा सगळ्यांचा हिशेब होता. जावई तर मागे न बघता म्हणालेही, “काका, जरा उठता का? खरं आलंय.”

काकांनी डबा चाटला.

पडवीतल्या तपासनीसबाईंना केव्हाच कळलं होतं की कोण कोण आहे. त्या सांगतही होत्या, हळू आवाजात, की सगळ्यांनी माझ्या बाजूला या. पण तीस माणसांच्या एकत्र पुटपुटण्यात त्यांचा आवाज बुडून गेला, आणि ओरडायची सोय नव्हती. जवळ अस्वल असताना ओरडायचं नाही हे त्यांना इतरांपेक्षा जास्त पक्कं माहीत होतं. त्यांनी मामांकडे बघून हाताने पिंपांकडे खूण केली. मामांना वाटलं, त्या म्हणतायत, वा, असंच पुढे या. मामा पुढे आले.

मामांचा आनंद तेव्हा त्या डोक्यात मावत नव्हता. समोर माणसं अशी घड्याळासारखी मागे जात होती. ओणव्यातून सरळ व्हायचा खास प्रकारही त्यांनी करून दाखवला. आणि सरळ झाल्यावर, जबड्याच्या जाळीतून, लोकांच्या डोक्यांवरून, त्यांना दुसरं अस्वल दिसलं.

इथे तुम्हाला-मला जे वाटलं असतं ते मामांना वाटलं नाही. मामांना वाटलं, यांनी दुसरा माणूस आणलाय. माझ्या पाठीमागे. तपासनीसबाईंना दाखवायला नवा माणूस बोलावलाय, आणि मला चेनमध्ये अडकवून ठेवलं. इतक्या वर्षांची नोकरी, आणि हा कोण, कुठल्या एजन्सीचा? कामाच्या वेळेला बसतो! खातो! पोशाखाची ही अवस्था! मामांनी कधी सरावाआधी चहासुद्धा घेतला नव्हता, मिशांना लागतो म्हणून.

मामा त्याला जाब विचारायला निघाले.

मधे माणसं होती, म्हणून मामा त्यांना वळसा घालून, पडवीच्या उलट अंगाने मोठा अर्धगोल घेत, तरातरा चालले. आता सराव म्हणजे अस्वलाकडे तोंड ठेवून त्याच्यापासून दूर सरकायचं. अस्वल एका बाजूने आलं की माणसं दुसऱ्या बाजूला. मामा पिंपांच्या दिशेने वळले तशी ती सगळी गर्दी, मधला कॉक फिरवल्यावर पाणी दुसऱ्या नळीत जावं तशी, पुटपुटत पडवीकडे वळली. मामांच्या ते गावीही नव्हतं. तपासनीसबाईंनी भोजनगृहाचं दार सताड उघडलं आणि एकेकाला दंडाला धरून आत ओढायला सुरुवात केली. मॅनेजरबाई आत गेल्या. जावई आत गेले, सगळ्यांत आधी. आजी दारात अडून बसल्या. त्यांचं म्हणणं होतं की त्याने अजून मान डोलावलेली नाही, तेव्हा सराव संपलेला नाही. जावयांनी त्यांना टोपीसकट आत खेचलं.

हिरवळीवर आता दोन अस्वलं उरली.

मामा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. डोक्यातून जेवढा आवाज बाहेर जाईल तेवढ्यात म्हणाले, “कुणी आणलं तुला?”

त्याने डब्यातून तोंड काढलं नाही.

“तुझ्याशी बोलतोय. चेन कुठाय तुझी?”

मामा त्याच्या मागच्या बाजूला गेले, चेन बघायला. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला की नाही याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. मामा म्हणतात, नुसतं वाकून बघितलं. मामी म्हणतात, पंजाला पुंजका चिकटलेला होता, तो त्यांनी स्वतः काढला. काही असो, पाठीला चेन नव्हती. टाके नव्हते. अस्तरही नव्हतं, ते कातडं होतं, आणि ते श्वासागणिक वरखाली होत होतं.

मग त्याने मान वळवली. तोंड उघडलं. त्यात जाळी नव्हती. जीभ होती. श्वासाला जॅमचा वास होता, आणि जॅमच्या खाली आणखी कसला तरी वास होता, जो कुठल्याही शाम्पूने गेला नसता.

मामा सांगतात की त्या क्षणी ते सगळं विसरले. नियम शिकवण्यात इतकी वर्षं गेली, पण ते स्वतः कायम पलीकडच्या बाजूला होते. माणसाने काय करायचं हे त्यांनी कधी करून बघितलंच नव्हतं. पळावं, असं गुडघ्यांना वाटत होतं. मग त्यांना आठवली ती मघाची माणसं, आजी, त्यांची टोपी, तो एकसुरी आवाज. त्यांनी त्या माणसांची नक्कल केली.

“मी जातोय बरं का,” मामा म्हणाले. “तू तुझं कर. मी जातोय.”

एक पाऊल मागे. दुसरं पाऊल मागे. तिसऱ्या पावलाला त्यांच्या पोटरीत हिरवळीचा नळ रुतला, जो त्यांनी स्वतःच, जरा वर ठेवा असं माळ्याने सांगूनही, खाली बसवला होता. ते धडपडले, पण पडले नाहीत.

अस्वल उभं राहिलं. दोन पायांवर. मामांसारखंच, आधी ओणवं आणि मग सरळ. त्याने हवा हुंगली. गुलाबी शाम्पू हुंगला, उशीचा कापूस हुंगला, आत घामाने थबथबलेला प्लंबर हुंगला. मग ते चार पायांवर आलं. मामांकडे नीट बघितलं. आणि एकदाच, सावकाश, मान खाली-वर डोलवून, डबा तोंडात धरून जंगलात निघून गेलं.

भोजनगृहात सगळ्यांना पाणी देऊन खरं काय ते सांगितलं गेलं. मॅनेजरबाई खुर्चीत बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत. आपण खऱ्या अस्वलाला उठायला सांगितलं होतं हे जावयांच्या हळूहळू ध्यानात येत होतं. आजींनी मात्र मानलंच नाही. त्यांचं ठाम मत आहे की फाटकं ते खोटं होतं, आणि रिसॉर्ट आता लाज झाकायला गोष्टी रचतंय.

तपासनीसबाईंनी मामांच्या डोक्याची हुकं सोडवली, त्यांना बसवलं, आणि आधी पिंपांबद्दल झापलं. पिंपाला कडी नाही, आणि जंगल दहा पावलांवर, मग सगळे सराव व्यर्थ. मामांनी त्याच दुपारी चारही पिंपांना माणसाला उघडताना जीव जाईल अशी कडी बसवली. सरावाबद्दल बाई म्हणाल्या की शिकवलेलं उत्तम आहे, तीस माणसं इतकी शहाण्यासारखी वागताना त्यांनी कधी पाहिली नव्हती, फक्त चुकीच्या अस्वलासाठी. सराव चालू राहील. पण यापुढे सरावाच्या अस्वलाने अंगावर केशरी, चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घालायचं, रस्त्यावर काम करणारे घालतात तसलं.

मामा म्हणाले, “जाकीट घातलेलं अस्वल कुणी पाहिलंय का?”

“नाही ना,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच.”

मामींनी कधीकाळी एक जाकीट उसवलं होतं, त्याच जागी दुसरं शिवलं. त्या संध्याकाळी घरी मामांनी सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली, आणि मामींनी एकदाही मधे तोडलं नाही. मामा मधे थांबून वाट बघायचे, सवयीने, आणि मग स्वतःच वाक्य पुरं करायचे. नळ ठिबकत होता. मामा उठायला लागले तेव्हा मामी म्हणाल्या, “राहू दे आज.”

पण मामांचं समाधान झालेलं नाही. त्यांनी तपासनीसबाईंना तिथेच विचारलं होतं. बाई म्हणाल्या, वास घेताना अस्वलं डोकं वरखाली करतात, त्यात विशेष काही नाही. स्वयंपाकी म्हणतो, डबा दातात नीट बसवत असेल. मामी म्हणतात, शाम्पू आवडला त्याला. मामा सगळ्यांचं ऐकून घेतात. मागच्या रविवारी मी गेले तर ते अखेर घरच्या बेसिनखाली शिरले होते. मी टॉर्च धरून बसले. बराच वेळ आतून नुसती पान्याची खुडबुड. मग मामा तसेच, पाठमोरे, म्हणाले, “तो वास घेत नव्हता गं. वास आधी घेऊन झाला होता. मान त्यानं नंतर डोलावली. मी मागे सरकलो ते बरोबर केलं, म्हणून. तेवढं मला पटलंय.”

त्यांनी हात बाहेर काढून वॉशर मागितला. मी दिला.

“पण मला एवढंच कुणीतरी सांगा,” ते म्हणाले, “त्यानं मला पास केलं ते माणूस म्हणून, की अस्वल म्हणून?”